निकेयात ठरलं की आधीपासून होतं? मशीहाच्या देवत्वाविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे: “येशूने कुठेही ‘मी देव आहे’ असं म्हटलेलं नाही. मशीहा म्हणजे नुसता अभिषिक्त राजा. मग त्याला देव ठरवलं ते इ.स. ३२५ मध्ये निकेयाच्या धर्मपरिषदेत, रोमी बादशहाच्या वजनाखाली, असंच ना? आणि तसं नसेल, तर आपल्याकडच्या अवतारापेक्षा यात वेगळं काय?”

मी २६ वर्षं मराठी विद्यार्थ्यांना नव्या कराराचं ग्रीक शिकवतो आहे. दर वर्षी पहिल्या महिन्याभरात हा प्रश्न वर्गात येतोच, आणि तो विचारणारा विद्यार्थी बहुतेक वेळा वर्गातला सगळ्यात प्रामाणिक वाचक असतो. म्हणून उत्तर जरा लांबवतो. वचनं मी मूळ भाषेवरून माझ्या शब्दांत देतो आहे. तुमच्या हातातल्या बायबलपेक्षा एखादा शब्द वेगळा दिसेल. शास्त्र काय म्हणतं एवढंच इथे बघू. ते मानायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

तुमचं एक म्हणणं आधीच मान्य करतो. “मी देव आहे” हे वाक्य, याच शब्दांत, येशूच्या तोंडी चारही शुभवर्तमानांत, म्हणजे त्याच्या जीवनकथा सांगणाऱ्या चार पुस्तकांत, नाही. “मशीहा” या शब्दातही देवत्व आपोआप येत नाही. हिब्रू “माशीआख” म्हणजे तेलाने अभिषेक केलेला. शौल राजा अभिषिक्त होता, दावीद होता, महायाजकही असे. इतकंच काय, यशयाच्या ४५व्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत परमेश्वर इराणच्या कोरेश राजाला “माझा अभिषिक्त” म्हणतो. हा कोरेश परदेशी. त्याच अध्यायात परमेश्वर त्याला दोनदा सांगतो की तू मला ओळखत नाहीस. म्हणजे देवाला न ओळखणारा माणूससुद्धा माशीआख म्हणवला जाऊ शकतो. हा ४५वा अध्याय लक्षात ठेवा, थोड्या वेळाने आपण पुन्हा तिथे येणार आहोत.

जुन्या करारातली काही वचनं मात्र राजाबद्दल बोलता बोलता राजाच्या मापाबाहेर जातात. यशया ९ मध्ये जन्मणाऱ्या बाळाला “एल गिब्बोर”, समर्थ देव, असं नाव आहे, आणि पुढच्याच अध्यायात तेच दोन शब्द खुद्द परमेश्वरासाठी येतात. यहूदी भाष्यकार हे वचन हिज्कीया राजाला लावतात, आणि हिब्रू नावांत देवाचं नाव सर्रास असतं हे त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नाही. नाताळाच्या उपदेशात हे वचन हमखास येतं. पण नव्या कराराचे लेखक देवत्वाचा पुरावा म्हणून ते कुठेही पुढे करत नाहीत. त्यांचा भर वेगळ्या ठिकाणी आहे. तो समजला नाही तर सगळा वाद चुकीच्या मैदानावर होतो.

तो भर एका शब्दावर आहे: प्रभू.

मराठी वाचकाची इथे एक अडचण होते आणि त्यात त्याचा दोष नाही. हिब्रू शास्त्रात देवाचं चार अक्षरी नाव आहे. यहूदी लोक आदरापोटी ते उच्चारत नसत. वाचताना त्या जागी “अदोनाय” म्हणत, आणि ग्रीक भाषांतर वाचणारे “क्युरिओस”. दोन्हींचा अर्थ धनी, प्रभू. आपल्या प्रचलित मराठी बायबलात जुन्या करारात त्या नावाच्या जागी “परमेश्वर” छापलेलं असतं आणि नव्या करारात “क्युरिओस”साठी बहुतेक ठिकाणी “प्रभू”. दोन वेगळे शब्द, म्हणून आपल्या कानाला दोन वेगळ्या व्यक्ती. पहिल्या शतकात सभास्थानात बसलेल्या ग्रीकभाषक यहूद्याला मात्र दोन्हीकडे एकच शब्द ऐकू येत होता.

क्युरिओसचा साधा अर्थही आहे, हे खरं. विहिरीवरची शोमरोनी बाई येशूला तसं म्हणते तेव्हा ते आपल्या “महाराज”सारखंच. त्यामुळे नुसता शब्द दिसला की देवत्व सिद्ध झालं, असं मी कधीच शिकवत नाही. जुन्या करारातलं कुठलं वचन उचलून येशूवर ठेवलं आहे, हे बघायचं.

योएल संदेष्टा म्हणतो, जो कोणी परमेश्वराचं नाव घेऊन धावा करील तो तरेल. येशूचा प्रेषित पौल रोमच्या मंडळीला लिहिलेल्या रोमकरांस पत्रात, १०व्या अध्यायात, हेच वचन शब्दशः घेतो. चार ओळी आधी त्याने सांगून ठेवलेलं असतं की “येशू प्रभू आहे” असं तोंडाने कबूल कर म्हणजे तुझं तारण होईल. म्हणजे योएलमध्ये ज्याचा धावा करायचा तो परमेश्वर, आणि पौलाच्या युक्तिवादात ते नाव येशूचं. कुठे समर्थन नाही, “दचकू नका” असा खुलासा नाही. रोमच्या मंडळीला पौलाने तोवर पाहिलंही नव्हतं. तिला हे समजावून सांगावं लागेल असं त्याला वाटत नाही, यावरून ही समजूत मंडळ्यांमध्ये किती रुळली होती ते कळतं.

याहून धीट उदाहरण करिंथकरांस पहिल्या पत्रात आहे. हे पत्र साधारण इ.स. ५४चं, म्हणजे येशूच्या वधस्तंभानंतर फार तर पंचवीस वर्षांनी लिहिलेलं. प्रत्येक यहूदी सकाळ-संध्याकाळ एक वचन म्हणतो, अनुवाद ६:४: हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच. ग्रीकमध्ये यात तीन शब्द महत्त्वाचे: क्युरिओस (प्रभू), थेओस (देव) आणि “एक”. पौल ८व्या अध्यायात लिहितो: आपल्याला एकच देव, म्हणजे पिता, ज्याच्यापासून सर्व काही, आणि एकच प्रभू, येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व काही. मूळ वचनातले तेच तीन शब्द आहेत. “थेओस” पित्याकडे गेला, “क्युरिओस” येशूकडे, “एक” दोघांकडे. एका देवाशेजारी दुसरा देव आणून बसवणं पौलाला ठार अशक्य होतं. मूर्तींना वाहिलेल्या नैवेद्याबद्दल बोलताना, अनेक देव नाकारतानाच तो हे लिहितो आहे. त्याने येशूला त्या एकाच्या आत ठेवलं. पहिल्यांदा हे ग्रीकमध्ये वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो. आजही वर्गात हा परिच्छेद आला की मी घाई करत नाही.

आता यशया ४५. तिथे परमेश्वर म्हणतो: मीच देव आहे, दुसरा कोणी नाही, मी माझीच शपथ वाहिली आहे, प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल, प्रत्येक जीभ शपथ वाहील. एकेश्वरवाद याहून कडक शब्दांत अख्ख्या जुन्या करारात क्वचितच सापडेल. आणि फिलिप्पैकरांस पत्रातलं ते स्तोत्र, दुसऱ्या अध्यायातलं, नेमकं याच ओळींवर उभं आहे: येशूच्या नावाने स्वर्गातला, पृथ्वीवरचा आणि पृथ्वीखालचा प्रत्येक गुडघा टेकावा आणि प्रत्येक जिभेने कबूल करावं की येशू ख्रिस्त प्रभू आहे, देवपित्याच्या गौरवासाठी. यशयाच्या त्या अध्यायाच्या सुरुवातीला एक अभिषिक्त आहे जो देवाला ओळखत नाही, आणि शेवटाकडे असा देव आहे जो कुणालाच आपली जागा देत नाही. फिलिप्पैच्या स्तोत्रात अभिषिक्त आणि ती जागा एकत्र आली आहेत. तेही सिंहासनाच्या वाटेने नव्हे. दासाचं रूप घेऊन, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत उतरून.

हे स्तोत्र पौलाने स्वतः रचलं की मंडळीत आधीपासून म्हटलं जाणारं उचललं, यावर अभ्यासकांत वाद आहे. बऱ्याच जणांचा कल दुसऱ्या बाजूला आहे. पण पौलाच्याही आधीचा एक तुकडा आपल्याकडे नक्की आहे, आणि तो फक्त एका शब्दाएवढा आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अगदी शेवटी, ग्रीक मजकुरात अचानक अरामी येते: मारानाथा. “आमच्या प्रभू, ये.” करिंथचे लोक ग्रीक बोलणारे. त्यांना हा शब्द भाषांतर न करता कळत होता, जसे आपल्या मंडळीत आजीपासून नातवापर्यंत सगळे “आमेन” आणि “हालेलूया” अर्थ न विचारता म्हणतात. असा शब्द भाषा ओलांडून जातो तो उपासनेत घट्ट बसलेला असतो म्हणून. अरामी बोलणारे म्हणजे यहूदियातले आणि गालीलातले पहिले शिष्य. मेलेल्या गुरूची आठवण काढणारे यहूदी भरपूर सापडतील, पण “ये” म्हणून त्याची प्रार्थना करणारे नाहीत. देवत्वाची कल्पना ग्रीक-रोमी जगातल्या देवांच्या गोष्टींतून शिरली, असं म्हणणाऱ्यांना या एका अरामी शब्दाचं उत्तर द्यावं लागतं.

“पण ही झाली पत्रं. येशू स्वतः काय म्हणाला?” रास्त आहे. इथे बरेच उपदेशक थेट योहानाकडे धावतात. मी मुद्दाम मार्ककडे जातो, कारण अनेकांच्या मते तो सगळ्यात आधीचा आणि “सगळ्यात मानवी” येशू दाखवणारा.

कफर्णहूमच्या त्या घरात छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात. येशू म्हणतो, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. शास्त्री, म्हणजे यहूदी धर्मशास्त्राचे पंडित, मनात म्हणतात, हे दुर्भाषण, म्हणजे देवनिंदा, आहे, एका देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? त्यांचं धर्मशास्त्र अचूक आहे. क्षमेची जागा यरुशलेमेतलं मंदिर, आणि रीत म्हणजे यज्ञ आणि याजक. इथे मंदिर नाही, यज्ञ नाही, आणि येशू त्यांचा तर्क खोडून काढत नाही. तो म्हणतो, मनुष्याच्या पुत्राला (येशू स्वतःला असं म्हणे) पृथ्वीवर हा अधिकार आहे हे तुम्हाला कळावं म्हणून, आणि त्या माणसाला उठवतो.

सहाव्या अध्यायात तो रात्री पाण्यावरून चालत येतो, आणि मार्क एक विचित्र वाक्य लिहितो: “त्यांच्या जवळून पुढे निघून जाण्याचा त्याचा विचार होता.” उलट्या वाऱ्यात वल्ही मारून दमलेल्या शिष्यांना सोडून पुढे का जायचं होतं? ईयोबाचा ९वा अध्याय शेजारी ठेवला की उलगडतं. तिथे देव एकटाच समुद्राच्या लाटांवर चालतो, आणि तीनच ओळींनंतर “तो माझ्या जवळून जातो आणि मला दिसत नाही.” मोशेलाही देव असाच जवळून जाताना दिसला. मार्कने “देव” हा शब्द वापरलेला नाही. त्याने देवाची चाल येशूला दिली आहे.

आणि मग येशूच्या अटकेनंतरची चौकशी. महायाजक विचारतो, त्या धन्यवादित देवाचा पुत्र ख्रिस्त तो तूच का? येशू म्हणतो: मी आहे, आणि तुम्ही मनुष्याच्या पुत्राला सामर्थ्याच्या उजवीकडे बसलेलं आणि आकाशातल्या मेघांसह येताना पाहाल. महायाजक कपडे फाडतो. का? नुसता मशीहा असल्याचा दावा हे दुर्भाषण नव्हतं. पुढे शंभर वर्षांनी, १३२ ते १३५च्या रोमविरुद्धच्या बंडात, बंडाचा पुढारी बार कोखबा याला रब्बी (यहूदी धर्मगुरू) अकीबाने मशीहा मानलं अशी यहूदी परंपराच सांगते. त्यासाठी अकीबाला कुणी दुर्भाषणी ठरवलं नाही. भडका उडाला तो येशूने जोडलेल्या दोन वचनांनी. एक स्तोत्र ११०, “माझ्या उजवीकडे बस”, जे नव्या करारात सगळ्यात जास्त वेळा आलेलं जुन्या कराराचं वचन आहे. दुसरं दानीएल ७, जिथे मनुष्यासारखा कोणी मेघांवरून येतो आणि सर्व राष्ट्रं त्याची सेवा करतात. मेघांवर स्वार होणं हे इस्राएलाच्या कवितेत देवाचं काम आहे. कैदेत हात बांधलेला माणूस न्यायाधीशांना सांगतो आहे की मी देवाच्या आसनावर बसणार आणि तुमचा न्याय करणार. तुम्हाला हवं असलेलं वाक्य येशूने उच्चारलं नाही, पण महायाजकाने ते ऐकलं.

योहानाबद्दल लांबवत नाही, ती वचनं तुम्हाला ठाऊक आहेत. एकाच मुद्द्यावर थांबतो, कारण घरोघरी येणारे काही प्रचारक तो काढतात. योहान सुरुवातीलाच ख्रिस्ताला “शब्द” म्हणतो. “शब्द देव होता” इथे ग्रीकमध्ये “थेओस”च्या आधी उपपद (इंग्रजीतल्या “the”सारखं) नाही, म्हणून “शब्द एक देव होता” असं भाषांतर करावं, असं ते म्हणतात. त्याच अध्यायात ६, १२, १३ आणि १८ या ओळींतही “थेओस” उपपदाशिवाय आहे. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाबद्दल “एका देवाने पाठवलेला योहान” असं तेही म्हणत नाहीत. विधेय क्रियापदाआधी आलं की ग्रीकमध्ये उपपद बहुधा गळतं. इथे उपपद असतं, तर शब्द आणि पिता ही एकच व्यक्ती असा अर्थ झाला असता, आणि योहानाला तोही नको आहे. त्याच वाक्यात शब्द “देवाबरोबर” आहे. मराठीला उपपदच नाही, हा भांडणातून मिळालेला आपला फायदा.

आता आपल्याच लोकांना सांगायची गोष्ट. देवत्वाच्या बाजूने दोन वचनं वापरणं थांबवा. योहानाच्या पहिल्या पत्रातलं, ५:७, “स्वर्गात साक्ष देणारे तीन आहेत, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा” हे जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाहीच. इरास्मस या विद्वानाने १५१६च्या आपल्या छापील ग्रीक आवृत्तीत ते घेतलं नव्हतं. दबाव आल्यावर १५२२च्या आवृत्तीत घातलं. दुसरं, तीमथ्याला पहिले पत्र ३:१६, “देव देहात प्रकट झाला”. जुनी हस्तलिखितं “जो देहात प्रकट झाला” असं वाचतात. ग्रीक मोठ्या लिपीत “जो” आणि “देव”चं संक्षिप्त रूप यांत फरक दोन बारीक रेघांचा. सत्याला खोट्या आधाराची गरज नसते, आणि वाचकाला नंतर कळलं की त्याचा खऱ्या वचनांवरचाही विश्वास उडतो. असं झालेले दोन-तीन विद्यार्थी मी पाहिले आहेत. ते परत आले नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

विरुद्ध बाजूची वचनंही झाकू नका. “पिता माझ्यापेक्षा थोर आहे.” “मला उत्तम का म्हणतोस? एक देव सोडून कोणी उत्तम नाही.” पहिल्याचं उत्तर तुलनेने सोपं आहे: ज्या शुभवर्तमानात हे वाक्य आहे त्याच्याच पहिल्या ओळीत “शब्द देव होता” आहे, तेव्हा योहानाला दोन्ही एकत्र मान्य होतं. पुत्र पाठवलेला आहे, पिता पाठवणारा. मला स्वतःला कठीण जातं ते मार्क १३:३२: त्या दिवसाविषयी कुणालाच ठाऊक नाही, दूतांना नाही, पुत्रालाही नाही. प्राचीन नकलनवीसांनाही ते जड गेलं असणार. मत्तयातल्या याच वाक्यातून “पुत्रालाही नाही” हे शब्द अनेक हस्तलिखितांत गळले आहेत. फिलिप्पैच्या स्तोत्रात “त्याने स्वतःला रिक्त केलं” असं आहे, त्या दिशेने मी या वचनाकडे बघतो. अडचण त्याने संपते असं म्हणणार नाही. पण एक पाहा: ज्यांनी येशूला सावकाश देव बनवत नेलं असा आरोप आहे, त्यांनी ही वाक्यं जपून ठेवली आहेत.

निकेयाचं आता थोडक्यात होईल. रोमी बादशहा कॉन्स्टंटाइनने परिषद बोलावली हे खरं, त्याला साम्राज्यात एकी हवी होती हेही खरं. पण तिथे येशू माणूस की देव असा वाद नव्हताच. आरियस हा आलेक्झांड्रियाचा याजक. तोही ख्रिस्ताला स्तोत्रं म्हणत होता. तो म्हणे, पुत्र सर्व सृष्टीआधी निर्माण झाला, पण “तो नव्हता असा एक काळ होता.” नीतिसूत्रे ८ मधलं ज्ञानाचं वाक्य, “परमेश्वराने मला उत्पन्न केलं”, हा त्याचा आधार. परिषदेने उत्तरादाखल “होमोऊसिओस”, पित्याशी एकतत्त्व, हा शब्द घेतला. तो शास्त्रातला नाही, आणि तो घेताना अनेक बिशप त्याच कारणाने अस्वस्थ होते. दोघांनी शेवटपर्यंत सही केली नाही. म्हणजे नवा होता तो शब्द. उपासना जुनी होती. याची साक्ष बाहेरच्यांनीच दिली आहे. निकेया ज्या बिथुनिया प्रांतात आहे, त्याच प्रांताचा रोमी सुभेदार प्लिनी साधारण ११२मध्ये ट्राजान बादशहाला कळवतो की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला, देवाला म्हणावं तसं, स्तोत्र म्हणतात. परिषदेच्या दोनशे वर्षं आधी! इस्राएलात मगिद्दो इथे तुरुंगाच्या आवारात २००५मध्ये तिसऱ्या शतकातली फरशी सापडली, मोझेइकची, म्हणजे रंगीत तुकड्यांच्या नक्षीची. तिच्यावर एका बाईचं नाव आहे, अकेप्तूस. तिने “देव येशू ख्रिस्ताला” स्मरण म्हणून मेज अर्पण केलं, असं तिथे ग्रीकमध्ये लिहिलं आहे. त्या बाईला कॉन्स्टंटाइन ठाऊक असणं शक्य नव्हतं.

राहिला अवतार. मी हा शब्द टाळतो, तुच्छतेने मुळीच नाही. वारकरी घरातून आलेल्या माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना येशूकडे बघायची पहिली खिडकी तीच होती. पण अवतार युगायुगांत पुन्हा पुन्हा होतो, आणि कार्य झालं की रूप सोडलं जातं. योहान १:१४ मध्ये आहे “शब्द देही झाला”, आणि “वस्ती केली”साठी जे क्रियापद आहे त्यात तंबू दडलेला आहे, अरण्यातला निवासमंडप, ज्यात देवाचं तेज उतरत असे. हे एकदाच घडतं आणि उलटत नाही. पुनरुत्थानानंतर आठ दिवसांनी बंद दारांआड येशू आपल्या शिष्याला, थोमाला, म्हणतो, तुझं बोट इकडे कर, माझे हात पाहा, तुझा हात माझ्या कुशीत घाल. देह सोडलेला नाही, खिळ्यांचे वणसुद्धा तसेच आहेत. त्या वणांकडे बघत थोमा यहूदी माणूस फक्त एकालाच म्हणू शकतो ते म्हणतो: माझा प्रभू आणि माझा देव. येशू त्याला गप्प करत नाही.